नेमणूकपत्रावर नाव कुणाचं?

सकाळी दहाच्या सुमाराला करी रोड आणि लोअर परळ स्टेशनांतून सेनापती बापट मार्गाकडे जो लोंढा निघतो, त्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेली ऑफिसातली मंडळी तर असतातच. पण काळी पँट, काळे बूट आणि पाठीवरच्या सॅकमध्ये डबा अशी विशी-पंचविशीतली मुलं-मुलीही कमी नसतात. त्यांतली बरीच फिनिक्स मॉलच्या आवारातल्या दुकानांत कामाला आहेत. गिऱ्हाइकांसाठी दारं उघडायला अजून अवकाश असतो. तोवर स्टाफच्या दाराने आत शिरायचं, बॅग दाखवायची, हजेरी लावायची, सामान लॉकरमध्ये टाकायचं आणि दुकान उघडताना काचेपलीकडे हसतमुखाने उभं राहायचं.

याच आवारात १९०५ साली फिनिक्स मिल सुरू झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर एकेक भोंगा बंद पडत गेला आणि लालबाग-परळच्या चाळींत पुढच्या पिढीने काय करायचं, हा प्रश्न घरोघरी उरला. कुणी सिक्युरिटीत गेलं, कुणी कुरिअरमध्ये, कुणी टॅक्सीवर. आणि गिरण्यांच्या जागी मॉल उभे राहिल्यावर पुष्कळ मुलं दुकानांत लागली. आज दादर, परळ, गिरगावातल्या बारावी किंवा बी.कॉम. झालेल्या मुलाला घराजवळ, चांगल्या जागी आणि लगेच मिळू शकणारी नोकरी कोणती, असं विचारलं तर पहिल्या दोन-तीन उत्तरांत ‘एखाद्या ब्रँडच्या शोरूममध्ये’ हे उत्तर हमखास येतं.

दुकान आवडीचं असलं की ओढ आणखी वाढते. ज्या बुटांवर, ज्या फोनवर, ज्या कपड्यांवर आपला जीव आहे त्यांच्यामध्ये दिवस काढायचा, एसीत काम, अंगावर कंपनीचा टी-शर्ट आणि बऱ्याच ठिकाणी स्टाफला खरेदीवर सवलत. यात चुकीचं काही नाही. आवड असेल तर गिऱ्हाइकाशी बोलताना ती दिसते आणि माल विकला जातो. पण ब्रँड आवडतो म्हणून नोकरी धरणाऱ्या मुलांच्या हातून एक गोष्ट वारंवार सुटते. दुकानावरची पाटी एकाची असते आणि पगार देणारा अनेकदा दुसराच असतो.

दुकानातली नोकरी मुंबईला नवी नाही. कामगारवस्तीला तर मुळीच नाही. नायगावात १९४८ साली कामगारांनी एकत्र येऊन सहकारी तत्त्वावर ‘अपना बाजार’ उभा केला. तिथला माल घेणाराही कामगार आणि संस्थेचा सभासदही कामगार. पुढे १९९१ मध्ये अंधेरीला ‘शॉपर्स स्टॉप’ आलं, १९९८ मध्ये टाटांच्या ट्रेंट कंपनीने ‘वेस्टसाइड’ सुरू केलं आणि १९९९ मध्ये हाजी अलीजवळ ‘क्रॉसरोड्स’ हा मॉल उघडला. सुरुवातीच्या दिवसांत क्रॉसरोड्समध्ये शिरायचं तर मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवावं लागे, नाहीतर साठ रुपये भरावे लागत. ताडदेव-गिरगावातल्या साध्या माणसाला गिऱ्हाईक म्हणूनही आत जाताना दहादा विचार करावा लागे. त्या मानाने आजचं चित्र फार बदललं आहे. १९ ऑक्टोबर २०१२ रोजी हॉर्निमन सर्कलच्या एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये ‘स्टारबक्स’चं भारतातलं पहिलं दुकान उघडलं. १८ एप्रिल २०२३ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात ‘ॲपल’ने देशातलं आपलं पहिलं दुकान सुरू केलं, तेव्हा दार उघडायला कंपनीचे प्रमुख टिम कुक स्वतः हजर होते. त्या दुकानातल्या शंभराहून अधिक कर्मचाऱ्यांना मिळून वीसहून जास्त भाषा बोलता येतात, असं कंपनीने अभिमानाने जाहीर केलं होतं. इंग्रजी कच्चं म्हणून अर्ज करायलाच कचरणाऱ्या मराठी मुलांनी हे ध्यानात घ्यावं. मराठी, हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी येणारा माणूस मुंबईतल्या काउंटरवर कमकुवत नसतो. थोडीफार गुजराती येत असेल तर तो भारीच पडतो. अर्जात भाषा लिहायच्या त्या ठळक आणि सगळ्या.

विक्री हे कसब आहे, हे पाहायचं असेल तर मॉलच्या आधी हिंदमाता किंवा दादर पश्चिमेच्या एखाद्या जुन्या साडीच्या दुकानात तासभर बसावं. गादीवर बसलेला सेल्समन आल्या आल्या ‘बजेट किती?’ असं विचारत नाही. ‘कार्य काय आहे, वहिनी? नवरीसाठी की देण्याघेण्याच्या?’ असं विचारतो. एवढ्यावरून त्याला किंमत, पोत आणि रंग यांचा अंदाज येतो. पहिल्या तीन-चार साड्या तो मुद्दाम वेगवेगळ्या उघडतो आणि गिऱ्हाइकाचा हात कुठे थांबतो ते पाहतो. मग त्याच जातीच्या साड्या सपासप पुढ्यात पडतात. पदर खांद्यावर टाकून आरसा दाखवायचा तो नेमक्या क्षणी, फार आधी नाही. सोबत आलेल्या सासूबाईंना आणि नणंदेला बोलण्यात घ्यायचं, कारण शेवटचा होकार बहुधा त्यांचा असतो. मागे बसलेला पोरगा उघडलेल्या साड्यांच्या घड्या जुन्या मोडीवरच घालत असतो. दोन-चार वर्षं घड्या घातल्याशिवाय त्याला पुढे बसवत नाहीत. हे शिक्षण कुठल्या पुस्तकात नाही आणि मॉलमधल्या कुठल्याही ब्रँडला ते आयतं मिळालं तर हवंच असतं. म्हणून एखाद्या मुलाने दिवाळीच्या गर्दीत रानडे रोडवर महिनाभर हंगामी काम केलं असेल, तर ते लपवायचं कारण नाही. अर्जात ते सगळ्यांत वर असावं.

अर्ज करायच्या वाटा तीन-चार आहेत. मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर नोकऱ्यांचं पान असतं. तिथे शहर आणि दुकान निवडून अर्ज भरता येतो. दुसरी वाट ओळखीची: दुकानात आधीपासून असलेल्या मुलाने नाव सुचवणं. दुकानांत खूप भरती अशीच होते, कारण सुचवणाऱ्याची थोडी जबाबदारी राहते. तिसरी वाट सरळ चालत जाण्याची. रेझ्युमेच्या दोन प्रती घेऊन दुकानात जायचं आणि स्टोअर मॅनेजरची भेट मागायची. मात्र शनिवार-रविवारी आणि संध्याकाळी जाऊ नये. गर्दीत मॅनेजर भेटलाच तरी त्याचं लक्ष गल्ल्याकडे असतं. मंगळवार ते गुरुवारची दुपार बरी. नवं दुकान उघडायच्या आधी, दिवाळीच्या आधी आणि सीझन संपतानाच्या सेलच्या आधी माणसं लागतातच, त्यामुळे एक-दीड महिना आधी चौकशी करावी.

चौथी वाट मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीची, आणि तिथे डोळे उघडे ठेवायला हवेत. ‘अमुक ब्रँडमध्ये लावतो, आधी रजिस्ट्रेशनचे, युनिफॉर्मचे, ट्रेनिंगचे पैसे भरा’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठून यावं. नोकरी देणारा पैसे मागत नाही. ब्रँडचं चिन्ह छापलेलं पत्र मोबाइलवर आलं म्हणजे ते खरं, असंही नाही. दुकानात जाऊन विचारायला रेल्वेचं एक तिकीट पुरतं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्याच दुकानात गिऱ्हाईक म्हणून फिरून यावं, ही तयारी सगळ्यांत उपयोगी. स्वस्तातली वस्तू केवढ्याची आणि महागातली केवढ्याची, नवा माल कुठे मांडलाय, ट्रायल रूमबाहेर रांग आहे का, स्टाफ गिऱ्हाइकाला काय म्हणून हाक मारतो, हे सगळं पाहून घ्यावं. ‘आमचाच ब्रँड का?’ हा प्रश्न ठरलेला असतो. ‘मला लहानपणापासून आवडतो’ हे उत्तर रोज दहा जण देतात. ‘काल पाहिलं, तुमच्याकडे मोठ्या मापाचे शर्ट खालच्या खणात आहेत, ते मागणारा माणूस वाकून शोधत होता’ असं सांगणारा लक्षात राहतो. काही ठिकाणी मुलाखत घेणाराच गिऱ्हाईक होतो आणि एखादी वस्तू विकून दाखवायला सांगतो. तिथे वस्तूचं कौतुक सुरू करण्याआधी समोरच्याला दोन प्रश्न विचारावेत. गादीवरचा सेल्समन करतो तेच.

नोकरी लागली की पहिला महिना पायांचा असतो. सात-आठ तास उभं राहण्याची सवय कुणालाच नसते. नव्या बुटांनी टाचा सोलतात, रात्री पोटऱ्या भरून येतात. दिवस सुरू होतो तो ब्रीफिंगने. काल किती धंदा झाला, आजचं टार्गेट किती, कोणता माल पुढे आणायचा, हे पाच-दहा मिनिटांत सांगितलं जातं. मग फोल्डिंग. टेबलावरच्या टी-शर्टची चळत लहान मापापासून मोठ्यापर्यंत, कॉलर एका रेषेत, टॅग आत. गिऱ्हाइकाने मधला एक ओढला की चळत विस्कटते आणि पुन्हा पहिल्यापासून. हँगरचे आकडे सगळे एकाच दिशेला. ट्रायल रूमच्या दारात किती कपडे आत गेले आणि किती बाहेर आले, याचा हिशेब. मागच्या स्टॉकरूममध्ये खोके फोडणं, टॅग लावणं. ठरावीक काळाने रात्र जागून केलेली मालमोजणी. बेपत्ता झालेल्या मालाचं प्रमाण वाढलं की मॅनेजरपासून सगळ्यांनाच उत्तरं द्यावी लागतात.

साप्ताहिक सुट्टी मधल्या वारी येते. शनिवार-रविवार, दिवाळीचा आठवडा, नाताळ या काळात रजा मागायची सोय नसते. लालबाग-गिरगावातल्या मुलांना जड जातात ते गणपतीचे दहा दिवस. मंडळाच्या मांडवात वाढलेल्या मुलाला विसर्जनाच्या दिवशी दुकानात उभं राहणं अवघड वाटतं, आणि त्यावरून नोकऱ्या सुटतातही. आधीच मॅनेजरशी बोलून, दुसऱ्याच्या सणाला आपण उभं राहण्याच्या बोलीवर पाळी बदलून घेणं हाच मार्ग.

पगाराचे दोन भाग असतात, ठरलेला आणि टार्गेट गाठल्यावरचा इन्सेंटिव्ह. मुलाखतीत तोंडी सांगितला जाणारा आकडा बऱ्याचदा दोन्ही मिळून असतो. हातात किती येणार, त्यातून काय कापणार आणि इन्सेंटिव्ह एकट्याच्या विक्रीवर की सगळ्या दुकानाच्या, हे स्पष्ट विचारावं. विचारलं म्हणून नोकरी जात नाही.

आता तो पाटीचा आणि पत्राचा प्रश्न. एकाच दुकानात, एकाच टी-शर्टमध्ये शेजारी शेजारी उभी असलेली दोन मुलं वेगवेगळ्या मालकांची असू शकतात. एक ब्रँडच्या स्वतःच्या पे-रोलवर, दुसरा एजन्सीमार्फत आलेला ऑफ-रोल. कधी अख्खं दुकानच फ्रँचायझी घेतलेल्या व्यापाऱ्याचं असतं. मोठ्या दुकानांत एखाद्या कंपनीच्या काउंटरवरचा माणूस त्या कंपनीचा असतो, दुकानाचा नसतो. कामात फरक नसतो. फरक पडतो तो बढतीत, रजेत, भविष्यनिर्वाह निधीत आणि दुकान बंद पडलं तर जबाबदार कोण, यात.

‘बिग बझार’चं उदाहरण फार जुनं नाही. किशोर बियाणींच्या या दुकानांनी २६ जानेवारी २००६ला ‘सबसे सस्ता दिन’ काढला तेव्हा गर्दी इतकी उसळली की काही ठिकाणी शटर खाली ओढावं लागलं. मध्यमवर्गीय मुंबईच्या आवडत्या नावांत ते नाव होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये भाडं थकलेल्या दुकानांचा ताबा रिलायन्सने घ्यायला सुरुवात केली, तिथल्या कर्मचाऱ्यांना आपल्याकडे नोकरी देऊ केली आणि त्याच वर्षी जुलैत ‘बिग बझार’ चालवणारी फ्युचर रिटेल कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आज त्यांतल्या कितीतरी जागांवर ‘स्मार्ट बझार’ची पाटी आहे. हजारो माणसांचा मालक काही दिवसांत बदलला. अशा वेळी ज्याच्याकडे नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या आणि भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक असतो, त्याला आपली जुनी नोकरी सिद्ध करता येते. ज्याच्याकडे फक्त टी-शर्ट असतो त्याला येत नाही.

कायदा या नोकरीला अनोळखी नाही. मुंबईत दुकानदाराच्या तोंडी अजून ‘गुमास्ता लायसन’ असतं, तो दुकानांविषयीच्या कायद्याचाच जुना वारसा. दुकानांतल्या कामगारांसाठी मुंबई प्रांतात १९३९ सालीच कायदा झाला, मग १९४८चा आला आणि १९ डिसेंबर २०१७ पासून महाराष्ट्राचा नवा दुकाने व आस्थापना कायदा लागू झाला. त्यात दहा किंवा अधिक माणसं असलेल्या दुकानांसाठी दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, जादा कामाला दुप्पट दर, आठवड्याची एक सुट्टी आणि वर्षाला आठ किरकोळ रजा, अशी तरतूद केली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी रोजचे तास नऊचे दहा आणि जादा कामाची तिमाही मर्यादा १२५ तासांवरून १४४ तास करायला मंजुरी दिली. तास वाढवताना उभ्या राहणाऱ्या पायांचा विचार झाला असता तर बरं झालं असतं. आठ सणांच्या पगारी सुट्ट्याही २०१७च्या कायद्यात आहेत. त्यांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर नावानिशी येतात. सेलच्या जाहिराती नेमक्या यांतल्याच काही दिवसांच्या असतात. त्या दिवशी काम केलं असेल तर त्याचा हिशेब पगाराच्या पावतीत दिसतो का, हे प्रत्येकाने तपासावं.

रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेची जबाबदारी मालकाची असते. दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. समितीत कोण आहे, हे रुजू होतानाच विचारून ठेवावं. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर राज्य कामगार विमा योजना लागू होते. त्यात कामगाराचा पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के जातात. या योजनेचं महात्मा गांधी स्मारक रुग्णालय परळमध्येच आहे. गिरणी कामगारांच्या कुटुंबांना ते तोंडपाठ होतं. त्यांच्या नातवंडांच्या पगारातूनही विम्याचे पैसे कापले जातात, पण कार्ड काढून न घेतलेली मुलं बरीच असतात.

बसण्याचाही हक्क असतो. केरळात कापडाच्या दुकानांतल्या बायकांनी कोळिकोडपासून त्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला आणि २०१८ मध्ये तिथे कायदा बदलून दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देणं बंधनकारक झालं. २०२१ मध्ये तमिळनाडूने तसंच केलं. मुंबईतल्या झगमगत्या दुकानांत गिऱ्हाइकासाठी सोफा असतो, स्टाफसाठी साधं स्टूलही सगळीकडे नसतं. गिऱ्हाईक नसताना दहा मिनिटं बसल्याने कुठल्याच ब्रँडचं नाव खाली येत नाही.

मग ही नोकरी करावी का? करावी. शिडी खरी आहे. सेल्सवर लागलेला मुलगा कॅशियर होतो, मग विभाग सांभाळतो, मग सहायक मॅनेजर आणि पुढे स्टोअर मॅनेजर. बाकीच्या बऱ्याच क्षेत्रांत पदवी आडवी येते, इथे आकडे बोलतात. मांडणीची नजर असलेली मुलं व्हिज्युअल मर्चंडायझिंगमध्ये जातात, हिशेबाची असलेली मालसाठ्याच्या कामात. शॉपर्स स्टॉप उभं करणाऱ्या बी. एस. नागेश यांनी २०११ मध्ये ‘ट्रेन’ ही संस्था मुंबईतून सुरू केली, दुकानांतल्या माणसांना मान मिळावा म्हणून. १२ डिसेंबर हा रिटेल कर्मचारी दिन तिच्यामुळेच पाळला जाऊ लागला. तिच्या ‘पंख’ या उपक्रमात अपंग तरुणांना दुकानातल्या कामाचं प्रशिक्षण देऊन नोकरीला लावलं जातं. नीट न ऐकू येणारा मुलगा स्टॉकरूम आणि फोल्डिंग उत्तम सांभाळतो, काउंटरवरही उभा राहतो. घरात असं कुणी असेल तर ही वाट माहीत असावी.

शिडी चढायची तर एका जागी दीड-दोन वर्षं टिकावं लागतं. पाचशे-हजार जास्त मिळतात म्हणून दर चार महिन्यांनी दुकान बदलणाऱ्याच्या वाट्याला तीच पहिली पायरी पुन्हा पुन्हा येते. उलट, एजन्सीच्या पे-रोलवर दोन-तीन वर्षं ठेवून ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणणाऱ्या दुकानातही अडकून पडू नये.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि प्रत्येक कामगाराला लेखी नेमणूकपत्र देणं बंधनकारक झालं आहे. तेव्हा आवडत्या ब्रँडमध्ये निवड झाल्याचा फोन आला की आनंद जरूर करावा, आणि रुजू होण्याआधी ते पत्र मागून घ्यावं. त्यावर मालक म्हणून कुणाचं नाव आहे, हुद्दा कोणता, मूळ पगार किती, हे वाचावं, न समजलेलं घरातल्या किंवा शेजारच्या जाणत्या माणसाला विचारावं, आणि मगच सही करावी.